मागच्या चाकाची हवा

अहो ताई, डावीकडून सुरुवात करायचीच नाही — सगळे तिथंच चुकतात. त्या अंगाला नुसता चढ, दहा वाजेपर्यंत जीव मेटाकुटीला येईल, आणि सत्तर किलोमीटरची फेरी अजून तशीच पुढं. ऐका माझं — स्टूल घ्या, ते नको, त्याला ग्रीस लागलंय — धरणाच्या भिंतीवरून उजवीकडं निघा, तलावाचं पाणी कायम डाव्या हाताला. पंपहाऊसपर्यंत डांबरी रस्ता, मग झाडीतली पायवाट, दगड आहेत, तिथं पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. अकराला तुम्ही पलीकडच्या काठावर. तिथं निळ्या पत्र्याचं दुकान आहे, सायकलींचं, चहाही मिळतो — तिथं थांबायचं. नाही, थांबायचंच. पुढं वीस किलोमीटर कुणी भेटत नाही. चहा चांगला असतो म्हणतात. मी? मी कुठला जातोय, हा गुडघा आहे ना.

एकट्याच निघालात? बरंय. कुणासाठी थांबा नको, कुणाची वाट बघा नको. मी तर म्हणतो — काय झालं? मागचं चाक? ठीक आहे हो. थोडी कमी आहे हवा, खरंय. व्हॉल्व्ह जरा — जुना आहे, हळूहळू सोडतो. तीसेक किलोमीटर आरामात जाते, आणि तिथं पंप आहेच — हो, तेच दुकान. ती भरून देते. ती म्हणजे — दुकानवाली.

आता असं बघू नका. सांगतो. मुलगी आहे माझी. हे काम तिला मीच शिकवलं, याच फरशीवर. पाच वर्षांपूर्वी तिनं पलीकडं स्वतःचं दुकान टाकायचं काढलं, आणि मी — चार लोकांत — म्हटलं, दोन महिन्यांत गाशा गुंडाळशील, मग माझ्या दारात येऊ नकोस. नाही आली. शब्दाची पक्की, माझ्यावरच गेलीय. म्हणून ही युक्ती. गिऱ्हाईक तिथं थांबतं, ती हवा भरते, आणि संध्याकाळी ही भाड्याची सायकल परत आली की मी आधी टायर दाबतो. दगडासारखा टणक. कायम जास्त भरते ती, लहानपणापासून, किती ओरडलो असेन मी त्यावरून. तेवढं कळलं की बरं वाटतं — आहे, हात चालतोय, पोरगी बरी आहे. मग घरी दोन घास जातात. हसा, हसा. मला बोलायला आहे कोण दुसरं? हा टायरच.

पण गेल्या रविवारी बघतो तर व्हॉल्व्ह नवा. तिनं आपल्या पदरचा बसवला, आणि हा जुना कागदात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत. म्हणजे कळलं होतं तिला — दर आठवड्याला तीच सायकल, तेच चाक, न कळायला काय झालं? आता याचा अर्थ काय लावायचा, तुम्हीच सांगा — काळजी, की पुरे झालं आता? आठवडाभर डोकं पिकलं नुसतं. शेवटी मी आपला तिचा नवा काढला, डब्यात ठेवला, जुनाच परत लावला. हो, लबाडीच.

काय म्हणालात? मीच जावं? अहो, गुडघा — बरं, शिडीवर चढताना बघितलंत वाटतं मघाशी. गुडघ्याला काही झालेलं नाही. पण मी दारात उभा राहिलो आणि तिनं विचारलं, काय पाहिजे — गिऱ्हाइकाला विचारतात तसं — तर? तर काय सांगू मी?

सरका जरा. तो डबा द्या इकडं. हं — बसवला तिचाच, हवाही भरली. आता दिवसभर हवा जाणार नाही, तुम्हाला तिथं थांबायची गरजच नाही. तरी थांबलात, तर हा जुना तेवढा तिच्या हातात द्या. तिनं काही विचारलं तर म्हणा — नाही, काही म्हणू नका. नुसता द्या. निघा आता, ऊन चढेल. पाणी डाव्या हाताला.