मुंबईचं पदक

हसू नका, पण मीही एकदा मुंबईची अर्धमॅरेथॉन धावलोय. महाडात रोज पहाटे नाते गावाच्या रस्त्याला पळायचो, तेवढ्यानं डोक्यात हवा गेली होती.

मुंबईत निम्मे लोक धावायला नाही, फोटो काढायला आलेले! चकाचक बूट, गॉगल आणि पहिल्या वळणावरच धाप. एका पुलाच्या चढावर माझाही जीव घशाशी आला, तर कडेला सँडविच खात उभा असलेला एक ढेरपोट्या ओरडला, "कम ऑन अंकल, हसत हसत पळा!"

म्हटलं, "तू ये आत, मग दोघं मिळून हसू."

पोचलो कसाबसा. गळ्यात पदक पडलं, ते मी काढलंच नाही. तसाच एसटीनं पोलादपूरला उतरलो आणि डोंगर चढून मामीच्या वाडीवर गेलो. मामी नुकतीच रानातून डोक्यावर मोळी घेऊन आली होती.

"ह्ये काय रे गळ्यात?"

"पदक, मामी. एकवीस किलोमीटर धावलो मुंबईत."

"पयला आलास?"

"छे! माझ्यापुढे हजारो होते."

"मग तुला कशापायी दिलान?"

"शेवटपर्यंत पोचेल त्या सगळ्यांना देतात."

मामीनं मोळी भिंतीला टेकवली, पदक उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या छातीवर सोडून दिलं.

"सगळ्यांना वाटतात त्याला परसाद म्हनतात, रे. तो खायाचा असतो, गळ्यात घालून मिरवायचा नाय."