बाहेरची कडी

मी, खाली सही करणार, वय ४३ वर्षे, धंदा गणित शिक्षक, राहणार शाळेमागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावरची खोली. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगतो की,

सहावीच्या वर्गाला क्षेत्रफळ मी कॉम्प्युटरवरच्या खेळातून शिकवतो. खेळात ठोकळे रचून घर बांधायचे, एक ठोकळा म्हणजे एक फूट. फळा पाहून जांभया देणारी मुले यात मधली सुट्टी विसरतात. गेल्या आठवड्यात प्रत्येकाने आपापले घर मोजून खेळात बांधायचे होते.

वर्गात एक मुलगी आहे. दिसेल ते मोजते म्हणून तिला सगळे मोजपट्टी म्हणतात. तिने खेळात बांधलेल्या घरात जिन्याखाली चार बाय तीन फुटांची खोली होती. खिडकी नाही, दाराला कडी बाहेरून, आत चटईवर एक बाई बसलेली. मी म्हणालो, "माणूस आत, तर कडीही आत हवी." ती म्हणाली, "सर, मी नीट मोजलंय." निष्काळजीपणाबद्दल मी दोन गुण कापले.

आज शनिवारी सकाळी दहाला पालकसभेत मी मुलांची घरे मोठ्या पडद्यावर दाखवली. मोजपट्टीचे वडील सुतार आहेत. ते मुलीला घेऊन पुढच्याच बाकावर बसले होते. माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "सुताराच्याच घरी कडी उलटी! बायकोला कोंडून ठेवता की काय?" पालक हसले.

सुतार उठला. त्याने मुलीची वेणी धरून तिचे कपाळ टेबलाच्या कडेवर दोनदा आपटले. "घरचं चारचौघांत मांडतेस?" असे तो ओरडत होता. मी मध्ये पडलो. त्याने कीबोर्ड तोंडावर हाणून माझे दोन दात पाडले, मॉनिटर हातावर आदळून दोन बोटे मोडली. पालक दाराकडे पळाले. मुलगी जमिनीवरून म्हणाली, "सर, आई आतच आहे. या खेपेला बुधवारपासून."

तेव्हा मी लोखंडी स्टूल उचलले. आजवर मी मुलांवर पट्टीसुद्धा उगारलेली नाही. पहिल्याच फटक्याला तो खाली बसला, तरी मी थांबलो नाही. मारताना मला बरे वाटत होते, हेही लिहून घ्यावे. शाळेच्या शिपायाने मला मागून धरून ओढले, तोवर स्टूलचा पाय वाकला होता.

नंतर तुमचे हवालदार, मुलगी आणि मी त्याच्या घरी गेलो. जिन्याखालच्या दाराची कडी मी काढली. बाई जिवंत होती. ओठ फाटलेले होते, उजेडाने तिने डोळे मिटले. "पोरगी कुठंय?" असे तिने विचारले. मुलीने कपाळावरचा रक्ताचा रुमाल काढून पाठीमागे लपवला.

कापलेले दोन गुण मी परत दिले आहेत. गुणपत्रक सोबत जोडले आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'बचावासाठी स्टूलने एकदा मारले' असे होते, ते मी 'सात वेळा' असे दुरुस्त करून घेतले. मोजमापे मुलीची आहेत, ती सगळी बरोबर आहेत.