दादाच्या सायकलचं माप

नणंद : वहिनी, सायकलच्या सीटमागे लावायची ती मोठी पिशवी खाली ठेव आणि अशी जवळ येऊन बस. कान इकडे दे. एक गोष्ट सांगते, मग हवी ती घे.

वहिनी : तुझं निरूपण नको गं बाई! जेवणाच्या सुट्टीत पळत आलेय. पिशवी बांध आणि मला सोड.

नणंद : दोनच मिनिटं. गेल्या महिन्यात एक मास्तरीणबाई माझ्या दुकानातून हीच पिशवी घेऊन गेल्या. माप तोंडपाठ होतं त्यांना, म्हणून मीही सायकलला लावून बघितली नाही. शाळेत पोचेपर्यंत तळ चाकाला घासून फाटला. उत्तरपत्रिका रस्ताभर! नापास होणारी पोरं मला अजून दुवा देतात.

वहिनी : पण मी मोजून आणलंय. सीटपासून चाकापर्यंत दीड वीत.

नणंद : दीड? तुझ्या सायकलला वीतभर जागा निघाली तरी देव पावला.

वहिनी : उंची काढू नकोस हं माझी.

नणंद : हे माप दादाच्या सायकलचं आहे. त्याच्या सीटवर तुझे पाय लोंबकळतील. सीट खाली घेतलीस, की पिशवी चाकावर. पण ऑफिसला त्याची सायकल कशाला?

वहिनी : गिअर आहेत तिला. बाहेर उभी केलीय, ढकलतच आणली.

नणंद : सपाट रस्त्याला गिअर? बरं, पिशवीत जाणार काय काय?

वहिनी : डबा. फायली. स्वेटर. ताडपत्री.

नणंद : का गं, ऑफिस गळतं?

वहिनी : ...शनिवारी टेकडीपलीकडच्या तळ्यावर जातेय. एक रात्र. एकटी.

नणंद : आणि दादाला?

वहिनी : सांगितलं नाही. नाही म्हणाला असता तर भांडले असते गं. तो ‘मीही येतो’ म्हणेल. तेही प्रेमानं! मग तळ्याकाठी उठून चहा मीच करायचा. अकरा वर्षांत एक सकाळ अशी गेली नाही, की मला कुणी हाक मारली नाही.

नणंद : न सांगता गेलीस तर तो रात्रभर दारात उभा राहील. तुला झोप लागेल? हे बघ, ही आडवी, बुटकी घे. डबा, स्वेटर, ताडपत्री सगळं मावेल, अंथरूण वरच्या पट्ट्यांत. चाकाला लागणार नाही, मी स्वतः लावून बघते. पण आधी फोन.

वहिनी : आत्ता?

नणंद : आत्ता. मी बाहेर सीट खाली घेते तोवर.

(थोड्या वेळाने.)

नणंद : काय म्हणाला?

वहिनी : ‘मीही येतो.’

नणंद : मग?

वहिनी : म्हटलं, नको. एकटीच जायचंय. मग म्हणाला, हवा भरायचा पंप विसरू नकोस. आणि विचारलं, भाताला पाणी किती घालायचं.

नणंद : अरे देवा! किती सांगितलंस?

वहिनी : सांगितलं नाही. म्हटलं, बघ तुझं तू. लाव ती बुटकी पिशवी.

नणंद : लावली. पण वहिनी, शनिवारी तळ्याकाठी दिवेलागणीला हात जोडशील ना, तेव्हा तो करपलेलं पातेलं खरवडत असेल. क्षणभर माझ्या भावाची आठवण काढ.