सालोमीबाईचा घसा

या, मंडळी, पुढं या! मागं खांबाला पाठ लावून बसलेले, तुम्हीसुद्धा. जवळ बसल्याशिवाय ही गोष्ट लागायची नाही. आणि गोष्ट अशी देतो, की ऐकताना हसाल आणि घरी जाताना मान खाली घालून जाल.

पण आधी एक सवाल. बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं, हे शास्त्रात आहे की नाही? आहे! बघा, पुरुषमंडळींच्या माना कशा पटापट हलल्या! बरं, मग नवऱ्यानं कुणाच्या अधीन असावं? ...का हो? आता मान आखडली?

दोघांनी वाकावे, प्रभूचिया पायी।
लहान मी होई, तुझ्यापुढे॥

ऐका तर. शेरणगावच्या ख्रिस्ती मंडळीत थोमामास्तर पाटोळे नावाचे एक वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, होते. शाळेत मास्तर, देवळात पंच. गावात कुणाचंही लग्न असो, बायबलातल्या पौलाच्या पत्रातला नवरा-बायकोचा उतारा वाचणार कोण? थोमामास्तर! त्यांचं शास्त्र जाडजूड, वडिलांच्या वेळचं. त्यात एक तांबडी फीत. फितीवर बोट ठेवलं की पान उघडायचं आणि पहिलाच शब्द यायचा, ‘स्त्रियांनो!’ असे गरजायचे, की मांडवातल्या नवरीचा पदर सरकून नाकापर्यंत यायचा!

मास्तरांची बायको सालोमीबाई. गळा? काय सांगू! माहेरी तिनं पद धरलं की पेटीवाला बोटं आवरून ऐकत बसायचा. पण एका रविवारी काय झालं, मास्तरांनी गीत फार वरच्या पट्टीत उचललं. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला! बायकांच्या सतरंजीवरून सालोमीनं हळूच तेच गीत खालच्या पट्टीत घेतलं, आणि सगळी मंडळी तिच्यामागं गेली. दोन-चार पोरी फिदीफिदी हसल्या.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, “सभेत तुझा आवाज पुन्हा ऐकू येता कामा नये. बायकांनी सभेत गप्प राहावं, असं शास्त्र सांगतं, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

झालं! तेव्हापासून सालोमीबाई देवळात नुसते ओठ हलवायची. लोक विचारायचे, “बाईंचा घसा बसला का हो?” मास्तर काय म्हणायचे? ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. नुसतं “हं.” त्या एका ‘हं’वर, मंडळी, तिचं नाव आजाऱ्यांच्या यादीत चढलं! दर रविवारी पाळकसाहेब म्हणायचे, “प्रभू, सालोमीबाईंच्या घशाला स्पर्श कर.” आणि मोठ्यानं “आमेन” कोण म्हणायचं?

सांगा ना! तुम्हीच सांगा!

अकरा वर्षं! शेजारची रिबकाआजी तर रोज पहाटे तिच्यासाठी गुडघ्यांवर प्रार्थनेला. वर ज्येष्ठमध आणायची, अडुळशाचा काढा आणायची. धडधाकट सालोमी तो कडू काढा डोळे मिटून प्यायची.

पुढं मास्तरांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, दुसरा डोळा तसाही मंदच. आणि दुसऱ्या दिवशी गावात लग्न! पाळकसाहेब म्हणाले, “दुसरं कुणी वाचेल.” मास्तर म्हणाले, “छे! पाठ म्हणतो.” दुपारी बायकोला हाक मारली, “अगं, शास्त्र घे. मी म्हणतो, तू बघ. चुकलो तर सांग... नको, सांगू नको. तूच वाच, मी ऐकतो.”

तिनं फितीपाशी उघडलं. एक पान मागं गेली. आणि वाचलं, “ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा.”

“तिथून नाही! पान उलट. ‘स्त्रियांनो’पासून.”

“अहो, पण बोलणं इथून सुरू होतंय. ‘एकमेकांच्या’ म्हटलंय. मग स्त्रियांनो.”

मास्तरांना ठाऊक नव्हतं का? होतं की! मास्तर होते ते! पण तो शब्द आधीच्या पानाच्या तळाशी होता आणि फीत पलीकडं. ती फीत तिथं घातली कुणी? वाऱ्यानं?

ती वाचत राहिली. ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती, नवऱ्यांनो, तुम्ही करा. आवाज कसा, तर स्वच्छ, खणखणीत! पट्टीमागच्या अंधारात मास्तरांना त्या आवाजाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

तेवढ्यात दारात काढ्याचं भांडं खणकन पडलं. रिबकाआजी!

“अगोबाई! घसा उघडला! प्रभू, ऐकलंस रे बाबा!” म्हातारी उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडायला लागली. “मास्तर, चमत्कार झाला! झाला ना?”

बघा मंडळी, सैतान किती सोयीचा असतो! काहीच करायला नको. फक्त एक ‘हं’! बायकोला आवाज मिळतो, देवाला स्तुती मिळते, आणि मास्तर सहीसलामत! मास्तरांचे ओठ हललेसुद्धा. पण आवाज निघेना. ओठ नुसते हलले, की कसं वाटतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

आजी काठी टेकत गावभर सांगायला गेली. उद्या लग्नातच या चमत्काराबद्दल देवाची उपकारस्तुती व्हायची!

घरात दोघंच उरली. मास्तर म्हणाले, “सालोमी, मी काय करू?”

“मला विचारता?”

“विचारतोय. सांगशील ते करीन.”

तिनं उंबऱ्यात सांडलेला काढा पुसून घेतला. मग म्हणाली, “उद्या उभे राहा आणि खरं सांगा. आधी माझ्याकडं नका बघू. त्या म्हातारीचे गुडघे बघा. मीही तिचा काढा प्यायले, अहो. मीही गप्प बसले.”

दुसऱ्या दिवशी भरल्या मांडवात मास्तर उभे राहिले. हातात शास्त्र नाही. म्हणाले, “बाईंचा घसा कधी बसलाच नव्हता. मी बसवला होता. तुम्ही प्रार्थना करत होता आणि मी आमेन म्हणत होतो.”

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला करून पाहिलं. रिबकाआजी उठली, काठी टेकत पुढं आली.

“मास्तर, अकरा वर्षं गुडघे झिजवले रे मी तुझ्या लबाडीसाठी! ते दे परत!” मग सतरंजीकडं वळली. “आणि तू गं, सालू? तूही?”

“मीही, आजी.”

म्हातारी तिच्याशेजारी बसली. तिचा हात धरला.

पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. सगळे सालोमीकडं बघायला लागले. गायली का ती? तुम्हाला वाटतं, गायली असेल! नाही गायली, मंडळी. त्या दिवशी नाही. आणि मास्तरांनी “गा” म्हटलं नाही, “गाऊ नको” म्हटलं नाही. तिच्या आवाजाशिवाय ते गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी उभ्यानं ऐकलं, आणि पट्टीखालून पाणी गळत राहिलं. पुढं ती गायली, पण तिच्या मनानं, तिच्या वेळेला. तोवर मास्तर थांबले. अधीन होणं म्हणतात ते हे!

आता तुमच्याकडं वळतो. दचकू नका, नाव घेणार नाही! तुमच्या घरात कुणाचा घसा बसलाय? कुणी विचारलं तर तुम्ही काय म्हणता? “तिला बोलायची सवयच नाही.” “तिला आवडत नाही.” हं! तुमची फीत कुठल्या पानात आहे? आणि बायांनो, तुम्हीसुद्धा! विनाकारण कडू काढा पिऊ नका. त्यानं कुणीच बरं होत नाही.

घरी गेल्यावर जेवायला बसण्याआधी एकमेकांना विचारा, “मी काय करू?” आणि विचारून गप्प बसा. उत्तर येईपर्यंत!

आणि प्रार्थनेला हात जोडाल, तेव्हा सालोमीबाईची आठवण ठेवा. ती आजारी होती म्हणून नव्हे, मंडळी. नव्हती, तरी गप्प होती म्हणून.