सुट्ट्या पैशांची वाट

माझं अफझलगंजमध्ये भांड्यांचं दुकान, आणि कार्डाचं मशीन नाही म्हणून गिऱ्हाइकं परत जायला लागली होती. मशीन घ्यावं का, याच विचारात समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. तिथेही फक्त रोख चालते, तरी बाकडं रिकामं मिळत नाही. मालक युसूफभाईंना विचारलंच, "भाई, कार्ड कायकू नहीं लेते?"

"कार्डवाला पैसे देको चल देता, सेठ. नोटवाला छुट्टे के वास्ते बैठता. बैठे सो आदमी कू बिस्किट याद आताइच."

"मतलब, छुट्टे रहते नहीं?"

"बहोत रहते. देने की जल्दी नक्को करना."

माझ्या शंभराच्या नोटेचे उरलेले पैसे येईपर्यंत मी तीन बिस्किटं संपवली होती.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याला नाही म्हटलं आणि दुकानात दोन खुर्च्या वाढवल्या.