उशाशी बसायचं दान

—छे छे, पाळकीणबाई, त्यासाठी आला असाल तर उगाच जिना चढलात. झगा शिवायचा तर माप देऊन जा. आजाऱ्यांकडे प्रार्थनेला मी जात नाही. कोण म्हणालं, मला दान आहे? असेल. होतं. म्हणजे काय हो— उशाशी बसून मी चार शब्द बोलले, की कण्हणारा माणूस झोपायचा. बस, एवढंच. पांगळे नाही उठवले कुणी! तर तुमच्या यजमानांच्या आधी चर्चला होते ते पाळक म्हणाले, देवाचं दान पदराला गाठ मारून ठेवायचं नसतं, वाटायचं असतं, धाकट्या जावेला सोबत नेत जा. नेलं. कसं बसायचं, कधी गप्प राहायचं— सगळं शिकवलं. वर्षभरात लोक तिलाच बोलवायला लागले. लागेनात का! पण भर उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणते, "प्रभूनं मला एकटीला निवडलं." एकटीला! आणि मी तिसऱ्या बाकावर. तिच्या अंगातला झगासुद्धा मीच शिवलेला— त्या दिवसापासून बंद. कुणाकडे जाणं नाही, काही नाही.

मग तीच पडली. पोटात गाठ. भावोजी आले, इथेच उभे राहिले— "वहिनी, ती तुम्हालाच बोलावतेय." म्हटलं, हातात काम आहे, बघते. होतं का काम? होतं ना, एक बाही उसवायची होती. तीन दिवस उसवत होते म्हणा! चौथ्या दिवशी गेले. नुसती हाडं राहिलेली. म्हणाली, "ताई, दुसऱ्यांसाठी सुचतं, स्वतःसाठी एक शब्द येत नाही हो. तुम्ही बोला." मी तोंड उघडलं— आणि काही नाही. कोरडं. एक शब्द नाही, पाळकीणबाई. ती आपली माझ्या ओठांकडे बघतेय, वाट बघतेय. दुपार तशीच गेली. शेवटी म्हणते, "राहू दे, ताई, दमलात तुम्ही." मला! दमलात! आणि माझ्यासाठी प्रार्थना करायला लागली. त्या तसल्या आवाजात, थांबत थांबत, माझं नाव घेऊन. आणि मी— मी झोपले हो. तिच्या खाटेच्या कडेवर डोकं टेकून, कित्येक महिन्यांत झोपले नव्हते अशी झोपले. भावोजींनी खांदा हलवला तेव्हा ती गेलेली होती.

हे कशाला सांगत बसले तुम्हाला? मंडळीत बोलू नका कुठे. आणि ते दान-बिन दुसऱ्या कुणात शोधा. निघा आता. जिन्यात उजेड नाही, कठड्याला धरून उतरा.