विमलची सायकल डोंगराकडं वळली

मी मूळची नांदगाव खंडेश्वरकडची, शांता माहं नाव, पन आता अचलपुरात मले समदे डिरिलच्या, म्हंजे कसरतीच्या, बाई म्हनतात, अन् काय सांगू तुमाले भाऊ, ते नाव मी भांडून भांडून कमावलं हाय म्हून मले आवडते. बाप माहा लोकाईच्या वावरात मजुरी करे, मंग अमरावतीले जिनात लागला, कापसाच्या गाठी वाहे. मी शाळेत होती तवा आमी बौद्ध झालो, अन् तवापासून बापानं एकच धरलं का पोरगी शिकन. माय म्हने शिकू दे, पन सायकल कायले पाह्यजे तिले? कारन बाप घरी आला का त्याची सायकल मी घेऊन पळे, सीटवरून पाय पुरे नाई तर दांड्याखालून पाय घालून कैची मारत. बाप म्हने, चालवू दे वं, शाळा दूर हाय. असा माहा बाप.

मॅट्रिक झाली अन् अमरावतीलेच कसरतीच्या मास्तरकीचं शिक्षन घ्याले गेली. तिथं विमल भेटली. दर्यापूरकडची, कुनब्याची पोरगी, घरी काळी जमीन, बैलजोड्या. तिचा बाप तिले पाठवाले तयारच नव्हता, मोठ्या भावानं समजावलं तवा आली. आमी दोघी एका खोलीत. पह्यल्याच दिवशी तिनं मले आपल्या डब्यातली भाकर देली अन् म्हने, माह्या मायले सांगजो नोको. मी म्हटलं, सांगतलं तर काय करन तुही माय? तर हासाले लागली. अशी आमची दोस्ती झाली.

गुल्हाने सर म्हून एक होते, ते आमाले सहलीचं शिकवत. पोराईले घेऊन बाहेर जाचं तर कसं जाचं, पुढं कोन राह्यन, मागं कोन राह्यन, औषधाची पिशवी कोनापाशी, आधी रस्ता पाहून ठेवाचा, समदं फळ्यावर लिहून देत. फळ्यावर समदं बरोबर होतं भाऊ, एक अक्षर चुकलं नव्हतं!

अन् मंग आमाले चिखलदऱ्याले नेलं. परतवाड्याले सायकली भाड्यानं घेतल्या. बेत असा का सायकली लाकडाच्या रिकाम्या ट्रकमंदी टाकून वर न्याच्या, आपन बसनं जाचं, अन् येताना घाट सायकलीनं उतराचा. दुकानदार भला मानूस, तो म्हने, सर, याच्यातल्या काही सायकलीचे मागचे ब्रेक ढिले हायेत, रबर घासले, उद्या सकाळी न्या, मी बदलून देतो. सर म्हने, ट्रक चालला, आता कुठं थांबता. मी म्हटलं, सर, उताराचा रस्ता हाय. तर माह्याकडं पाहून म्हने, तू मिस्तरी हायस का? पोरी हासल्या. मले असा राग आला!

वर लय मजा आली, ते बी सांगतलं पाह्यजे. धुकं, थंडी, खाली दरी, विमल तर म्हने मले इथंच सोडून जा. मंग दुपारून निंगालो. सर सगळ्यात पुढं, शिट्टी त्याईच्या खिशात, असे भन्नाट गेले का दोन वळनात दिसेनासे झाले. मागं कोन? मागं कोनीच नाई! जे फळ्यावर होतं ते फळ्यावरच राह्यलं.

विमल माह्या पुढं होती. एकदम ओरडली, शांते, ब्रेक लागून नाई राहिला! पाय घासत होती रस्त्यावर, चप्पल निंगून गेली, सायकल थांबाले तयार नाई. समोर वळन. एका अंगानं दरी, एका अंगानं डोंगर. अन् तिनं हँडल डोंगराकडं वळवलं. आपल्या मनानं वळवलं भाऊ, मी डोळ्यानं पाह्यलं. दरीत जान्यापेक्षा दगडावर आदळलेलं बरं, इतका इचार तिनं तेवढ्या वेळात केला. मांडीचं हाड मोडलं.

मी झुडपाच्या दोन सरळ फांद्या तोडल्या, दोघी-तिघींच्या ओढन्या घेतल्या अन् पाय बांधला, जसा शिकवला होता तसा. औषधाची पिशवी सरापाशी, अन् सर खाली. विमल दात दाबून पडली होती, मले म्हने, शांते, ब्रेक खराब होता, बस एवढं लोकाईले सांग, नाई तर माहा बाप म्हनन पोरीनं चाळे केले. मंग लाकडं भरलेला एक ट्रक उतरत आला. डायवर म्हातारा मुसलमान होता, त्यानं लाकडावर पोते टाकले, वरून आपलं घोंगडं टाकलं, तिले म्हने, बेटी, हिलना मत, अन् समदा घाट बैलगाडीसारखा हळू उतरवला. खाली सर हाटेलात चहा पेऊन राह्यले होते. ट्रक पाहून धावत आले अन् पह्यलं काय इचारलं माहीत हाय? सायकल कुठं हाय म्हने! भाड्याची होती ना. पोरगी नंतर इचारली.

आता खरं ऐका. चौकशी बसली. मोठमोठे लोक बसले खुर्च्या टाकून. सर म्हने, पोरगी हासत होती, सायकल जोरात घेतली, मी किती सांगतलं पन ऐकलं नाई. तुमी सांगतलं कवा, तुमी तर दोन वळनं पुढं होते! मी उठून हेच म्हटलं. म्हटलं, दुकानदारानं सांगतलं होतं ब्रेकचं, त्याले बोलवा. म्हटलं, तिनं सायकल डोंगराकडं वळवली म्हून ती जित्ती हाय. तर एक पांढऱ्या टोपीवाले म्हने, बाई, तुमच्या लोकाईले शिकू देऊन राह्यले हेच पुष्कळ समजा, खाली बसा. मी बसली नाई. उभीच राह्यली, त्याईचं होईपर्यंत. अन् त्याईनं काय ठरवलं, तर मुलींच्या सहली बंद. मुलींच्या! पोट्ट्याईच्या चालू. अन् पुढच्या सहलीले पोट्टे गेले तर त्याच दुकानाच्या, त्याच सायकली घेऊन, तेच सर पुढं. ब्रेक नाई बदलवला कोनी, पोरीच काढून टाकल्या! मले सांगा, हा कोनता इलाज?

विमलचा पाय आखूड झाला. तिच्या बापानं तिले घरी नेलं. मी त्याच्या घरी गेली ब्रेकचं सांगाले, तर तो ओट्यावरूनच म्हने, मोठे मोठे लोक खोटं बोलतील का? आतून विमल ओरडली, बाबा, ते शांता सांगून राहिली ते खरं हाय. तो उठून वावरात चालला गेला. पुढं भावानंच तिले गावच्या शाळेत मास्तरीन केलं. लंगडते, पन शिकवते, अन् पोरीईले खो-खो बी खेळवते, उभी राहून.

मले अचलपूरच्या पोरीईच्या शाळेत नोकरी लागली. हेडबाईले म्हटलं सहल काढाची, घाटात, पायदळ बी अन् सायकलीनं बी. त्या म्हने, शांताबाई, एक पोरगी पडली तर? मी म्हटलं, पडू नये म्हूनच तर मले पगार देता. वर्सभर भांडली तवा त्याईनं हो म्हटलं.

मंग आधी मी एकटी जाऊन रस्ता पाहून आली. घाटाखालच्या गावात इहीर होती, तिथं पानी मागतलं. पानी भरत होती ती बाई म्हने, कोनत्या घरची? मी सांगतलं. तिनं बादली इहिरीवरून उचलून आत नेली. भर उन्हात, सांगा तुमी! माह्या पोरीईमंदी समद्या घरच्या पोरी, निम्म्या पेतील अन् निम्म्या उभ्या राहून पाह्यतील का? हे कोनी फळ्यावर लिहून देत नाई. त्याच गावच्या एका गाडीवानाले बोलली, तर तो म्हने, मी आनतो बाई, माह्या वावरातल्या झऱ्याचं, समद्याईसाठी. सहलीच्या दिवशी त्यानं गाडीत रांजन ठेवून पानी आनलं, अन् समद्या पोरी एकाच रांजनातून पेल्या.

निंगाच्या आधी हरेक पोरीनं आपल्या हातानं ब्रेक दाबून मले दाखवाचा, नाई लागला तर ती सायकल नाई जाची, मंग कितीबी रडा. जिथं घाट उभा हाय तिथं उतरून पायदळ. मोठ्या वर्गाची पोरगी पुढं, मी सगळ्यात मागं. चूल पेटवाची तर दगड रचून, अन् निंगताना पानी टाकून, हात लावून पाहाचं, गरम नाई ना. रान काई आपल्या बापाचं नाई, तिथं कोरकू लोकाईचे घरं हायेत. पोरी कुरकुरत, बाई लय कटकट करते म्हनत. म्हना बापा. एका वर्सी वर पोचलो तर धुक्यानं काईच दिसे ना, मी तशीच समद्याईले माघारी फिरवली, तर रस्ताभर कोनी माह्याशी बोललं नाई.

आता इतक्या वर्सांनी शाळा चालवनारी मंडळी मले काय म्हनते? बाई, तुमचं काम चांगलं हाय, पन सहलीवर एक पुरुष शिक्षक नेता आला तर बरं, जबाबदारीसाठी. जबाबदारीसाठी! मले हासू बी येते अन् अंगाची आग बी होते. विमलले मी हे सांगतलं तर ती म्हने, शांते, तू कवा थंडी होशीन? म्हटलं, नाई होत बाई, आता या वयात काय थंडी होऊ.

पन मंडळी काई बदलत नाई भाऊ, मी पाहून घेतलं. बदलल्या त्या पोरी. गेल्या वर्सीच्या मोठ्या पोरी आता आपल्या लहान बहिनीईले घेऊन नदीपर्यंत जातात, मले न इचारता, अन् सांजच्या आत घरी येतात. कोनाची माय मले दारात येऊन म्हने, बाई, तुमी आमच्या पोरीले रानाचं याड लावलं. लागू दे म्हटलं. जा पोरी हो, डोंगर पाहा, दरी पाहा, पोटभर हासा. हासल्यानं कोनी पडत नसते. अन् सुखानं घरी या.